सांगलीत बांधकाम ठेकेदार व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्रामबागेतल्या माझ्या दोन खोल्यांच्या ऑफिसात ठेकेदारांची टेंडरं भरली जातात आणि नोंदणीच्या फायली तयार होतात. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला, सहा वर्षं साइटवर उन्हात काढली आणि मग कागदांकडे वळले. रोज फोनवर तेच तेच प्रश्न येतात, काही जण तर रात्री अकराला व्हॉट्सॲपवर टाकतात. ते जसे येतात तसेच इथे लिहिलेत, सोपे आधी आणि डोकं खाणारे नंतर. एकाच गोष्टीचं दोनदा दळण नको म्हणून जिथे दुसरं उत्तर बघायचं तिथे त्याचा नंबर दिलाय.

१. ताई, बांधकाम ठेकेदाराचं लायसन्स कुठं काढायचं? खर्च किती?

असं एकच लायसन्स नसतं. लोकांची खरी फसगत इथूनच सुरू होते. कुणाचं खासगी घर, गोठा, दुकानाचा गाळा बांधून द्यायला महाराष्ट्रात ठेकेदाराला वेगळा सरकारी परवाना लागत नाही. आपल्याकडे ‘लायसन्स’ म्हणून वेगवेगळे कागद ओळखले जातात. सरकारी कामं घ्यायची तर सार्वजनिक बांधकाम विभागाची, म्हणजे पीडब्ल्यूडीची, ठेकेदार नोंदणी लागते (प्रश्न ५). बांधकाम परवानगीच्या नकाशावर सही करायची तर महापालिकेच्या नगररचना विभागाचं इंजिनिअर किंवा सुपरवायझरचं लायसन्स (प्रश्न ३). धंद्याचा पत्ता आणि नाव दाखवायला शॉप ॲक्ट (प्रश्न २). वायरिंगचं काम असेल तर विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती, तिचं खातंच निराळं. ती नसलेल्याच्या टेस्ट रिपोर्टवर महावितरण मीटर देत नाही.

म्हणून कुणी ‘एवढ्या हजारात लायसन्स काढून देतो’ म्हणालं, की पहिला प्रश्न हा, की यातलं कुठलं? कुपवाडचा एक मिस्त्री माझ्याकडे लॅमिनेट केलेलं ‘लायसन्स’ घेऊन आला होता. गोल शिक्का, फोटो, सगळं होतं. बघितलं तर ती उद्यम नोंदणीची, म्हणजे लघुउद्योग म्हणून नाव नोंदवल्याची, प्रिंट निघाली. ती सरकारी पोर्टलवर फुकट मिळते, त्यानं तिचे नऊ हजार मोजले होते.

२. मी पंधरा वर्षं गवंडीकाम केलं. आता घरं अंगावर घ्यायची आहेत. सुरुवातीला काय लागेल?

पॅन, फर्मच्या नावाचं चालू खातं, शॉप ॲक्ट आणि उद्यम. हाताखाली माणसं कमी असतील तर शॉप ॲक्टला पूर्ण नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना देऊन पावती मिळते आणि बँकेत ती चालते. उद्यमला आधार आणि पॅन पुरतं. एवढे कागद आठवड्यात होतात.

पण तुम्हाला वाचवणारा कागद वेगळाच आहे. तो म्हणजे मालकाशी केलेला करारनामा. ‘चौरस फुटाला इतके’ एवढ्या तोंडी बोलीवर काम घेतलं की भांडण ठरलेलं. मी करारात पहिल्यांदा मोजणी लिहायला लावते. बाल्कनी पूर्ण धरायची की अर्धी? जिन्याचं हेडरूम, पॅरापेट, पाण्याची टाकी, कंपाउंड रेटमध्ये आहे की जादा? मग टप्पे येतात: प्लिंथला किती, स्लॅबला किती, गिलाव्याला किती. स्लॅबच्या आदल्या दिवशी पैसे हातात यावेत, नंतर नव्हे, कारण सेंट्रिंगवाला आणि मिक्सरवाला दुसऱ्याच दिवशी दारात उभे असतात. आणि पाया किती खोल, तेही लिहा. आपल्या काळ्या मातीत पाच फुटांवर मुरूम लागेल म्हणून खोदायला घेतात आणि नऊ फुटांपर्यंत तो लागत नाही. ‘इतक्या फुटांच्या पुढची खोदाई आणि भराव जादा’ ही एक ओळ नसल्यानं माझ्या ओळखीच्या एकाचा पहिल्याच घरात सगळा नफा पायात गेला.

करार ५०० रुपयांच्या स्टँपवर करा. शंभराच्या स्टँपचे दिवस ऑक्टोबर २०२४ मध्ये संपले. रक्कम मोठी असेल तर मुद्रांक किती, ते आधी विचारून घ्या.

३. मी आयटीआय ड्राफ्ट्समन आहे. महापालिकेचं सुपरवायझर लायसन्स मिळेल का? त्यावर ठेकेदारी करता येते का?

मिळू शकतं. राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे ‘यूडीसीपीआर’ म्हणतात, डिसेंबर २०२० पासून लागू आहे. तिच्यात इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सुपरवायझर यांची पात्रता आणि जबाबदारी दिलेली आहे. सुपरवायझरचे दोन दर्जे असतात: पहिल्याला ५०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटचं काम, दुसऱ्याला २०० चौरस मीटरपर्यंतचं. शिक्षणाबरोबर आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या हाताखालचा अनुभव लागतो. आर्किटेक्ट मंडळींना मात्र हे लायसन्स लागत नाही, त्यांची नोंदणी वास्तुकला परिषदेकडे असते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हे ठेकेदारीचं लायसन्स नव्हे. नकाशा दाखल करण्याचं आणि देखरेखीची हमी देण्याचं आहे. तुम्ही सही केलीत म्हणजे बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे होतंय, याची जबाबदारी तुमच्यावर आली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला कमी जोखमीच्या यादीत घातल्यापासून त्या सहीचं वजन आणखी वाढलंय, कारण तिथे परवानगीच तांत्रिक माणसाच्या दाखल्यावर चालते. मित्रासाठी ‘फक्त सही’ करणाऱ्यांना माझं एकच म्हणणं असतं: करू नका.

४. जीएसटी घ्यावाच लागतो का? मी फक्त लेबर रेटवर कामं करतो.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सक्ती नाही. त्यात एक बारीक गोष्ट आहे आणि ती मिस्त्री लोकांच्या फायद्याची आहे. एकट्या स्वतंत्र घराचं नवीन बांधकाम तुम्ही निव्वळ मजुरीवर केलंत, म्हणजे सिमेंट-सळई-वाळू सगळं मालकाचं, तर त्या मजुरीवर जीएसटी माफ आहे. फक्त अशीच कामं करणाऱ्याला उलाढाल वाढली तरी नोंदणी लागत नाही. पण त्याच वर्षात एखादं अपार्टमेंटचं लेबरकाम किंवा एक विथ-मटेरियल दुकान घेतलंत, की हिशेब बदलतो. मग २० लाख मोजताना माफ कामांची रक्कमही धरतात. लोक इथे चुकतात.

विथ-मटेरियल कामावर साधारण १८ टक्के. सरकारी कामांना पूर्वी १२ होता, जुलै २०२२ मध्ये तोही १८ झाला. टेंडर भरणार असाल तर उलाढालीचा विचार न करता नोंदणी घ्या, टेंडरच्या कागदांत ती मागतातच.

५. पीडब्ल्यूडीची नोंदणी नेमकी कशी असते?

वर्ग असतात. वर्ग जितका वरचा तितक्या मोठ्या रकमेचं काम भरता येतं. सगळ्यात वरच्या वर्गाला मर्यादा नसते. मर्यादेचे आकडे शासन निर्णयानं बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी चालू असलेला निर्णय काढून बघा. चुलत्याच्या जुन्या फायलीतला नको. खालच्या वर्गाचे अर्ज जिल्ह्याच्या पातळीवरच निकाली निघतात, वरचे पुढे जातात.

फायलीत असतं ते असं: पॅन, जीएसटी, आयकर विवरणपत्रं, सीएचा उलाढालीचा दाखला, बँकेचं पतदारीचं पत्र (प्रश्न ७), तुमच्याकडचा इंजिनिअर आणि त्याचं नेमणूकपत्र, यंत्रसामग्रीची यादी, भागीदारी असेल तर भागीदारीपत्र, आणि केलेल्या कामांचे दाखले. शेवटची गोष्ट सोडून बाकी सगळं पैसे आणि वेळ दिला की जमतं. कामाचा दाखला विकत मिळत नाही. मिळतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा: तो तपासायला मूळ कार्यालयाकडे जातो आणि खोटा निघाला तर काळ्या यादीत नाव जातं.

दाखला बघताना मी या गोष्टी बघते: कामाचं नाव, निविदेची रक्कम, कार्यारंभ आदेशाची तारीख, काम संपल्याची तारीख, अंतिम बिलाची रक्कम, कार्यकारी अभियंत्याची सही आणि जावक क्रमांक. दहातल्या चार दाखल्यांत अंतिम बिलाचा रकाना कोरा असतो. काम झालं, पैसे मिळाले, खुशीत कागद घडी करून खिशात घातला, वाचला कुणी? दोन वर्षांनी त्या कामाचा जे.ई., म्हणजे कनिष्ठ अभियंता, बदलून जतला गेलेला असतो.

६. अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही. मग सुरुवात करायची कुठून?

माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सिव्हिलची पदवी किंवा डिप्लोमा असेल आणि नोकरी नसेल, तर सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करता येते. छोट्या कामांचा ठरावीक वाटा या अभियंत्यांसाठी असतो. दुसरा वाटा मजूर सहकारी संस्थांचा, उरलेला खुल्या ठेकेदारांचा. वाटप काम वाटप समितीतून होतं. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून किंवा मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनमधून बाहेर पडलेल्या मुलांना हे माहीतच नसतं, आणि ती मुलं दुसऱ्याच्या साइटवर तुटपुंज्या पगारावर राबत राहतात. अट एवढीच की काम खरंच तुम्ही करायचं. नाव अभियंत्याचं आणि काम गावच्या पुढाऱ्याचं, हा प्रकार चालतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यात दोषदायित्व कालावधीतला, म्हणजे काम संपल्यावर ठेकेदारानंच दुरुस्ती करायच्या मुदतीतला, खड्डा अभियंत्याच्या नावावर राहतो आणि पुढारी फोन उचलत नाही.

डिप्लोमा नसेल तर मजूर सहकारी संस्थेचा रस्ता आहे, पण ती खरी मजुरांची संस्था हवी. सहकार कायद्याखाली नोंदणी, सभासद, लेखापरीक्षण, सगळं सांभाळावं लागतं. एकट्या माणसाला मी ही वाट सांगत नाही.

तिसरी वाट लांबची पण पक्की. खासगी कामं कागदावर करा. साखर कारखाना, सूतगिरणी, शिक्षण संस्था, कुपवाड एमआयडीसीतला एखादा शेड, असं काम घ्या जिथे वर्क ऑर्डर मिळते, बिल घेतात आणि टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. त्या कापलेल्या टीडीएसची नोंद हाच तुमच्या खासगी कामाचा सगळ्यात भक्कम पुरावा. एकट्या मालकाच्या फर्मला तो १ टक्का असतो, भागीदारी किंवा कंपनीला २ टक्के. रोखीत घेतलेली दहा घरं कागदावर शून्य धरतात.

मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली पोटठेकेदारी करत असाल तर त्याच्याशी करार आणि बिलं ठेवा. त्यानं दिलेल्या चिठ्ठीवजा दाखल्याला सरकारी फायलीत फारसा भाव नाही.

७. ऐपत दाखला आणि सॉल्व्हन्सी एकच का?

अर्थ एकच, कार्यालयं वेगळी. तहसीलदार देतात तो ऐपत दाखला स्थावर मालमत्तेवर असतो, बँक देते ते पतदारी प्रमाणपत्र खात्याच्या व्यवहारावर. टेंडर किंवा नोंदणी कुठला मागते ते शब्दशः वाचा. बँकेचा मागितला असताना तहसीलचा जोडला म्हणून परत आलेल्या फायली माझ्या कपाटात आहेत. सहकारी पतसंस्थेचं पत्र बहुतेक ठिकाणी चालत नाही.

८. ऑनलाइन टेंडर भरायला काय लागतं? मी मुलाकडून मोबाइलवर भरलं तर?

मोबाइलवर नाही. कॉम्प्युटर आणि क्लास ३ ची डिजिटल सही लागते. ती यूएसबी टोकनमध्ये येते, आपल्याकडे सगळे तिला डोंगलच म्हणतात. क्लास २ जानेवारी २०२१ पासून मिळत नाही. महाटेंडर्स पोर्टलवर नाव नोंदवून ती सही जोडायची.

मग लिफाफे. पहिल्यात कागदपत्रं, दुसऱ्यात दर. दराची एक्सेल फाइल पोर्टलवरून उतरवून घ्या, त्यातच आकडा भरा आणि फाइलचं नाव बदलू नका. ‘सांगली रस्ता फायनल २’ असं नाव दिलं की पोर्टल ती घेत नाही. बयाणा, म्हणजे ईएमडी, स्वतःच्या खात्यातून भरा. मेव्हण्याच्या खात्यातून भरलीत तर परतावा मेव्हण्यालाच जातो, आणि पुढचं तुम्ही आणि मेव्हणे बघून घ्या.

माझी स्वतःची चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षात एका मुलाचं टेंडर भरताना सगळे कागद चढवले, दर चढवला, पैसे गेले. चहा प्यायला उठले. शेवटचं ‘फ्रीझ बिड सबमिशन’ बटण दाबायचं राहिलं होतं. परत बसले तेव्हा पोर्टलच्या कोपऱ्यातल्या घड्याळात तीन वाजून एक मिनिट झालं होतं. माझ्या भिंतीवरचं घड्याळ अजून तीनला चार मिनिटं कमी दाखवत होतं. पोर्टलचंच घड्याळ खरं धरतात. तेव्हापासून मी टेंडर आदल्या दिवशी गोठवते आणि पावती छापून फायलीत लावते.

९. उद्यम नोंदणी असली की ईएमडी माफ होते ना?

सांगलीतल्या अर्ध्या ठेकेदारांना असं वाटतं. सूक्ष्म आणि लघू उद्योगांना सवलत देणारं केंद्राचं खरेदी धोरण वस्तू आणि सेवांच्या खरेदीसाठी आहे, बांधकामाची कंत्राटं त्यात येत नाहीत. टेंडर सूचनेत माफी स्पष्ट लिहिली असेल तरच माफी. नाही तर ईएमडी भरली नाही म्हणून पहिलाच लिफाफा बाद.

१०. सगळे वीस-पंचवीस टक्के बिलो भरतात. आम्ही किती भरावं?

आकडा मी सांगत नाही, हिशेब सांगते. बी-१ टेंडरमध्ये अंदाजपत्रकाच्या किती टक्के कमी-जास्त एवढंच भरायचं असतं, बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर. समजा २० लाखांचं बी-१ काम वीस टक्के बिलोनं घेतलंत. हातात १६ लाखांचं काम आलं. जीएसटी वर वेगळा धरला, तरी बिलातून आयकराचे १६,०००, जीएसटी टीडीएसचे ३२,००० आणि कामगार उपकराचे १६,००० कापले जातात. वर सुरक्षा अनामत अडकते. मुरूम-खडीच्या रॉयल्टीचे पास जोडले नाहीत तर तेही वजा. दर फार खाली गेला तर जादा सुरक्षा ठेव मागतात, ती डीडीच्या रूपात आधीच.

आयकराचे पैसे विवरणपत्रात जमा होतात. जीएसटीचा टीडीएस अडीच लाखांवरच्या कंत्राटात कापतात. तो पोर्टलवर जाऊन स्वतः ‘स्वीकार’ करावा लागतो, तेव्हा कॅश लेजरला, म्हणजे तुमच्या जीएसटीच्या शिलकीत, येतो. दोन-दोन वर्षं ते पैसे तसेच पडून असलेली खाती मी बघितली आहेत. उपकर मात्र गेला तो गेला.

आणि बिल कधी निघेल? काम संपलं, एम.बी. (कामाच्या मोजमापाची वही) लिहिली, तरी निधी आला नसेल तर बिल टेबलावर थांबतं. जलजीवनच्या कामांत काय झालं ते जिल्ह्यातल्या ठेकेदारांना सांगायला नको. सहा महिने सिमेंटवाल्याचं व्याज कोण भरणार, ते धरून टक्का ठरवा.

११. बिड कपॅसिटीत बाद झालो. वर्ग बसत होता, मग कसं?

वर्ग बसणं वेगळं, क्षमता वेगळी. मोठ्या टेंडरांत बहुतेक वेळा असं सूत्र असतं: (अ × न × २) वजा ब. गेल्या पाच वर्षांतल्या सर्वांत चांगल्या वर्षात केलेलं काम म्हणजे अ, नव्या कामाची मुदत वर्षांत म्हणजे न, आणि हातात शिल्लक असलेलं काम म्हणजे ब. तुमचं सर्वांत मोठं वर्ष ८० लाखांचं, नवं काम सहा महिन्यांचं, हातात ३० लाखांचं शिल्लक. ८० × ०.५ × २ वजा ३० = ५० लाख. ५५ लाखांचं टेंडर भरलंत तर बाद. हातातलं काम लपवू नका. त्याच विभागाच्या दप्तरात ते असतं.

१२. कामगारांची कुठली कुठली नोंदणी करायची?

वीस माणसं झाली की भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. कंत्राटी कामगार पन्नास झाले की कामगार विभागाचा कंत्राटदार परवाना लागतो. इथे ‘लायसन्स’ शब्द बरोबर आहे. बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर असतो. तो खासगी कामात परवानगीच्या वेळी भरला जातो, सरकारी कामात बिलातून. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार कायद्यांच्या चार संहिता लागू झाल्यात, त्यामुळे जुना नमुना भरण्याआधी सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात एक चक्कर मारा.

तुमच्या बिगाऱ्यांची बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी करून द्या. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम, एवढी अट आहे. ९० दिवसांचा दाखला ठेकेदार म्हणून तुम्ही देता. एकदा ही सही करायला लागलात, की किराणा दुकानदारापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे मंडळाकडून मिळणाऱ्या भांडी-पेटीच्या आशेनं दारात येतात. ज्यानं पाटी उचलली त्यालाच दाखला द्या.

१३. सेंट्रिंग कोसळलं किंवा कुणी पडलं तर जबाबदारी कुणाची? सेंट्रिंगवाला तर वेगळा ठेकेदार असतो.

काम तुम्ही घेतलंय, त्यामुळे आधी दारात तुमच्याच येतात. सेंट्रिंगवाला पोटठेकेदार असला तरी नुकसानभरपाईची मागणी मुख्य ठेकेदाराकडे होऊ शकते. म्हणून प्रत्येक कामाला कामगार भरपाईचा विमा, नावं नसली तरी संख्या आणि कामाचा प्रकार लिहून. सरकारी कामात विमा राज्याच्या विमा संचालनालयाकडून काढायची अट करारात असते. काढला नाही तर बिलातून कापतात आणि कवचही नीट मिळत नाही. हप्ता बघून लोक नाक मुरडतात. एका मजली स्लॅबच्या सेंट्रिंग-भाड्यापुढे तो काहीच नसतो.

१४. वडिलांची नोंदणी आहे. त्यांच्यानंतर माझ्या नावावर होईल का?

सातबारासारखी वारसानं लागत नाही. एकट्याच्या मालकीची फर्म असेल तर नोंदणी त्या माणसाची असते. मुलाला नवा अर्ज करावा लागतो, आणि वडिलांच्या कामांचा अनुभव आपोआप धरत नाहीत. वडील हयात आहेत तोवर मुलाला रीतसर भागीदार करून घ्या आणि बदल नोंदणी करणाऱ्या कार्यालयाला कळवा. भागीदारी मोडली, भागीदार वाढला, पत्ता बदलला, तरी कळवायचं असतं.

१५. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. ठेकेदारी करता येते का? बायकोच्या नावावर?

दुसऱ्या खात्याचं काम करायला हरकत नसते. पण ज्या संस्थेत तुम्ही निवडून आलात, त्याच संस्थेच्या कामात तुमचा हितसंबंध असला तर सदस्यत्व जाऊ शकतं. ग्रामपंचायत कायद्याचं कलम १४ आणि महापालिका कायद्याचं कलम १० दोन्ही हेच सांगतात, आणि हितसंबंध प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, दोन्ही धरतात. बायकोच्या नावावरची फर्म आणि बिलाचे पैसे तुमच्या खात्यात, हे विरोधक पहिल्या दिवशी शोधून काढतात. सरकारी नोकरी असेल तर ठेकेदारी मुळीच नाही. आणि जवळचा नातेवाईक त्याच विभागात असेल तर अर्जात ते लिहून द्यायचा रकाना असतो, तो कोरा सोडू नका.

१६. पूररेषेत किंवा गुंठेवारीत घर बांधायचं काम आलंय. घ्यावं का?

मालकाची परवानगी बघितल्याशिवाय नाही. नकाशावर दोन पूररेषा असतात, निळी मोठ्या पुराची आणि लाल त्याहून मोठ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधे नवं बांधकाम करता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे करता येतं, पण प्लिंथ लाल पूररेषेच्या पातळीच्या ४५ सेंटिमीटर वर हवा. म्हणजे भराव, उंच प्लिंथ, जादा पायऱ्या, आणि तुमचा चौरस फुटाचा रेट या सगळ्यासाठी ठरलेला नसतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे; २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हा कुठवर पाणी होतं ते शेजाऱ्याच्या भिंतीवर अजून दिसतं. रेट द्यायच्या आधी ती भिंत बघून या.

गुंठेवारीच्या, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेल्या, प्लॉटला २००१ च्या कायद्याखालचं नियमितीकरण झालंय का ते विचारा. २०२१ च्या दुरुस्तीनं ही सोय ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला मिळाली. शामरावनगरसारख्या सखल भागात त्यावर काळी माती आणि साचणारं पाणी, म्हणजे प्रश्न २ मधली खोदाईची ओळ दुप्पट महत्त्वाची. परवानगी नसताना काम केलंत तर एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचनेचा कायदा १९६६, याखाली मालकाबरोबर बांधणाराही येतो, ‘मी फक्त ठेकेदार’ म्हणून सुटका नाही.

१७. मालकाची जागा, पैसा माझा, दहा फ्लॅट बांधून अर्धे विकायचे. ठेकेदार म्हणून चालेल?

नाही. विकायला लागलात की तुम्ही प्रवर्तक, म्हणजे बिल्डर, झालात. जागा ५०० चौरस मीटरहून जास्त आणि फ्लॅटही आठाहून जास्त असतील तर महारेराची नोंदणी होईपर्यंत जाहिरातही करता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी राहते. वकील आणि सीए गाठा, माझं ऑफिस नको.

१८. मी कराडचा. सांगलीची माहिती सातारा जिल्ह्यात लागू होते का?

जीएसटी, कामगार, पीडब्ल्यूडीचे वर्ग, यूडीसीपीआर, सगळं राज्याचं आहे, ते तसंच. फरक स्थानिक संस्थेचा. इकडे १९९८ पासून सांगली-मिरज-कुपवाड महापालिका आहे. सातारा आणि कराडला नगरपरिषदा आहेत, त्यांच्या ठेकेदारांच्या अटी त्यांच्या टेंडर सूचनेत बघा. सातारच्या हद्दवाढीत २०२० मध्ये आजूबाजूचा बराच भाग नगरपरिषदेत आला, त्यामुळे शाहूपुरीसारख्या भागातले जुने ग्रामपंचायतीचे कागद पुढे करू नका. खालच्या वर्गाची नोंदणी कुठल्या हद्दीत चालते ते दाखल्यावरच लिहिलेलं असतं.

१९. पुरात सगळे दाखले गेले. आता नूतनीकरण कसं करू?

२०१९ नंतर हा प्रश्न दोन वर्षं येत होता, २०२१ ला पुन्हा सुरू झाला. गावभागातल्या एका म्हाताऱ्या ठेकेदारांनी त्यांची गोदरेजची पेटी माझ्याकडे आणली होती. उघडली तर आत लगदा. आम्ही तो पान पान करून सुटा केला, गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळवला. सह्या पुसल्या होत्या, पण निळ्या शाईचे शिक्के आणि जावक क्रमांक काही पानांवर उरले होते. त्या क्रमांकांनीच काम झालं.

दुय्यम प्रत ज्या कार्यालयानं दाखला दिला तिथूनच मिळते. अर्जात कामाचं नाव, वर्ष, कार्यारंभ आदेशाचा क्रमांक, आठवत असेल तर एम.बी.चा क्रमांक लिहा, सोबत पंचनाम्याची प्रत जोडा. क्रमांक काहीच नसेल तर बँकेचं त्या वर्षाचं खाते-उतारापत्रक काढा. बिल कुठल्या तारखेला जमा झालं ते दिसलं की कार्यालयातला कारकून रजिस्टरमध्ये पान शोधू शकतो. नाही तर तो वर्षभराचे गठ्ठे उलटायला बसणार नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. त्या आजोबांच्या अकरा दाखल्यांपैकी सात परत मिळाले, वर्ग तोच राहिला. आता त्यांची पेटी सांगलीत नाही, विट्याला लेकीकडे आहे.

२०. तुमच्याकडे यायचं तर काय घेऊन येऊ?

सगळे कागद, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले असले तरी. लॅमिनेट करू नका, झेरॉक्स नीट येत नाही. पॅन आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का ते घरीच बघा. ‘बाळासो’ आणि ‘बाळासाहेब’ या एका फरकापायी माझे तीन महिने गेलेत. सोमवारी येऊ नका, त्या दिवशी टेंडरं उघडतात.